चेंडूला अहो म्हणणारा

आमच्या मुलींचा फुटबॉलचा कोच चेंडूशी बोलायचा. त्यात तसं विशेष काही नाही, माझे सासरे स्कूटरशी बोलायचे. पण हा चेंडूला अहो-जाहो करायचा. कोलंबियातल्या ज्या थंड, डोंगराळ भागातून तो आला होता तिकडे म्हणे सगळेच सगळ्यांना अहो म्हणतात. आई मुलाला, बायको नवऱ्याला, शेतकरी बैलाला. सरावाच्या सुरुवातीला जाळीच्या पिशवीतून चेंडू गवतावर ओतले की एखादा घरंगळत पार्किंगकडे निघायचा. हा त्याच्यामागे लंगडत जायचा आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटायचा. एकदा मी विचारलं, काय म्हणालात? त्यानं इंग्रजीत समजावलं, "म्हटलं, साहेब, आपण कुठे निघालात? अजून कार्यक्रम सुरूही झाला नाही."

मुली त्याला 'प्रोफे' म्हणायच्या. तिकडे कोचला तेच म्हणतात, आपल्याकडे कुणालाही 'सर' म्हणतो तसं. आम्ही आयासुद्धा प्रोफेच म्हणायला लागलो, आणि आपसात मराठीत बोलताना सरळ अरे-तुरे करायचो. जो माणूस चेंडूला अहो म्हणतो त्याला आम्ही 'तो आला का गं' म्हणत होतो. त्याला हे कळलं असतं तर तो नक्की हसला असता.

तो आधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेला होता, डिफेंडर म्हणून, आधी त्याच्या देशात आणि शेवटी इकडे. हे आम्हाला फार उशिरा कळलं. न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरच्या त्या मैदानावर तो आम्हाला दिसायचा तो असा: रुंद खांदे, पिकलेल्या मिशा, कडक इस्त्रीचा टी-शर्ट, आणि हातात थर्मास. त्या थर्मासमधली काळी, गोड कॉफी तो बाहुलीच्या भातुकलीतल्यासारख्या इवल्याशा कपांतून सगळ्यांना वाटायचा. समोरच्या टीमच्या कोचलाही. पंचांनाही.

मी तेव्हा मुलीला, ईराला, सरावाला सोडून गाडीतच बसून राहायची. खरं तर गाडीत बसून राहणं हेच त्या दिवसांत माझं मुख्य काम होतं. पुण्यातली नोकरी सोडून नवऱ्यामागे आले होते, इथल्या नोकरीच्या परवानगीचे कागद कुठेतरी अडकले होते. शाळेबाहेर गाडीत, पियानोच्या क्लासबाहेर गाडीत, स्टेशनबाहेर न्यूयॉर्कहून येणाऱ्या नवऱ्याची वाट बघत गाडीत. माझ्या शेजारच्या गाडीत नागपूरची वैशाली असायची. आम्ही दोघी काचा बंद करून, हीटर लावून, एकमेकींशी फोनवर बोलायचो.

एका संध्याकाळी प्रोफेनं माझ्या काचेवर टकटक केलं. मला वाटलं ईराला लागलं.

"सेन्योरा," तो म्हणाला, "आपण फार कामात आहात का?"

"नाही. का?"

"मला डिफेंडर कमी पडतायत."

मुलींना चेंडू घेऊन कुणाला तरी चुकवून जायची सवय व्हायला हवी होती, आणि त्याला प्लॅस्टिकचे कोन लावायला आवडायचं नाही. कोन माणसाकडे बघत नाही, तो म्हणायचा. जो बघत नाही त्याला चुकवण्यात काय शिकण्यासारखं आहे? म्हणून त्यानं आम्हा आयांना गाड्यांतून एकेक करून बाहेर काढलं. वैशालीच्या अंगावर तर सलवार-कमीज होती आणि पायात मोजड्या.

ईरा माझ्याकडे धावत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, प्लीज. प्लीज गो बॅक टु द कार."

मी परत गेले नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं होतं म्हणून. त्यानं आम्हाला एकच सूचना दिली: "पळू नका. फक्त मुलगी आणि गोल यांच्या मधे उभ्या राहा. आयुष्यभर तेच करताय तुम्ही." त्या संध्याकाळी आमच्या मुलींना आम्हाला ओलांडून जाताच आलं नाही. वैशालीनं मोजडी सुटलेली असताना स्वतःच्या लेकीचा चेंडू अडवला आणि नंतर आठवडाभर ते ज्याला त्याला सांगितलं.

पुढच्या मंगळवारी आम्ही बूट घालून आलो. महिन्याभरात आमची स्वतंत्र टीम झाली. तिला नाव नव्हतं, मुली 'द मॉम्स' म्हणायच्या आणि डोळे फिरवायच्या.

प्रोफेला गोलमध्ये काडीचा रस नव्हता. आमच्या मुलींनी गोल केला की सगळे पालक उड्या मारायचे, आणि हा पाठ फिरवून आपले डिफेंडर जागेवर आहेत ना ते बघायचा. पण कुणी नीट वेळेवर पाय घालून चेंडू बाहेर काढला की तो डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरायचा. एका सामन्यात ईरासाठी त्यानं टोपी काढली. घरी येईपर्यंत ती गाडीत एक अक्षर बोलली नाही, आणि मग जिन्यावरून वर जाताना म्हणाली, "ही टुक ऑफ हिज कॅप, आई." मी म्हटलं, बघितलं मी.

फॉरवर्डबद्दलचं त्याचं मत असं, की फॉरवर्ड हा पाहुणा असतो. पाहुणा दारात आला म्हणून कुणी अंगावर धावून जातं का? वाट अडवायची, पण हसतमुखानं. त्याला बोलण्यात गुंतवायचं. आणि हळूहळू कोपऱ्यातली खुर्ची दाखवायची, म्हणजे मैदानाची कडा. तिथे बसून त्याला काय करायचंय ते करू दे. स्वतः तो अख्खी कारकीर्द असाच खेळला होता. समोरच्या फॉरवर्डशी शेवटच्या शिट्टीपर्यंत बोलत राहायचा. आई कशी आहे, घर बांधून झालं का, गुडघ्याला काय लावता. एक नामांकित फॉरवर्ड म्हणे मधेच थांबून बहिणीच्या लग्नाचं सांगायला लागला आणि चेंडू शेजारून निघून गेला.

वैशालीला त्यानं एकदा विचारलं, घाबरू नका, सावकाश, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? तिनं सांगितलं, 'हळू'. तेव्हापासून मैदानाच्या कडेवरून 'हालू, हालू' ऐकू यायचं. समोरच्या टीमच्या पालकांना वाटायचं, हा आपल्याला हॅलो म्हणतोय. तेही हात हलवायचे.

कोलंबियाचा म्हटल्यावर लोक त्याला काय विचारायचे ते सांगायला नको. आमच्याकडच्या दिवाळीच्या जेवणाला एकानं विचारलंच, तिकडे फार धोका असतो ना? टीव्हीवर बघतो आम्ही. प्रोफेनं चकली खाली ठेवली, विचार केला आणि म्हणाला, "आमच्या गावातली सगळ्यात धोकादायक व्यक्ती म्हणजे तिसरीच्या बाई. अजून जिवंत आहेत. मी अजून त्या रस्त्यानं जात नाही."

पण त्याला खऱ्या अर्थानं आनंदानं वेडा झालेला मी पाहिला तो महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला. आम्हीच त्याला नेलं होतं. जेवणानंतर काका मंडळींनी बागेत कबड्डी मांडली. प्रोफे आधी खुर्चीत बसून बघत होता, मग उभा राहिला, मग अगदी रेषेवर जाऊन उकिडवा बसला, दुखऱ्या गुडघ्यासकट.

"हे सगळे डिफेंडर आहेत?" त्यानं मला विचारलं.

"हो. या बाजूचे सगळे."

"आणि ते एकमेकांचे हात धरून उभे आहेत."

"हो. साखळी म्हणतात तिला."

"आणि फॉरवर्ड एकटा येतो. आणि त्याला श्वाससुद्धा घेता येत नाही."

"नाही. कबड्डी कबड्डी म्हणत राहावं लागतं."

त्यानं आणखी एक चढाई पाहिली. मग म्हणाला, "सेन्योरा, हा खेळ कुणातरी डिफेंडरनं रचलाय. देव त्याचं भलं करो."

पुढच्या मंगळवारपासून आमच्या मुली हात धरून बचावाचा सराव करायला लागल्या. चौघींची रांग, हातात हात, चेंडू डावीकडे गेला की सगळ्या डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. पलीकडच्या मैदानावरचे कोच आपला सराव थांबवून बघायचे. त्या वर्षी आमच्या मुलींवर गोल करणं फार जड गेलं लोकांना.

त्याची कहाणी आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळली, कॉफी ओतता ओतता. वडील बटाट्याचा ट्रक चालवायचे. लहानपणी याला फॉरवर्ड व्हायचं होतं, तिकडे सगळ्यांनाच व्हायचं असतं. गावच्या क्लबात निवड होती त्या दिवशी फॉरवर्डची रांग कुंपणाच्या बाहेरपर्यंत गेली होती आणि डिफेंडरच्या रांगेत जेमतेम चार मुलं. निवड झाली की जेवण मिळणार होतं. "मला भूक लागली होती," तो म्हणाला. "मी लहान रांगेत उभा राहिलो." एवढ्यावर त्याचं आयुष्य ठरलं आणि त्याला त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं.

पुढे राजधानीतल्या एका मोठ्या क्लबात काही वर्षं गेली, बहुतेक बाकावर. मग तो गावच्या क्लबात परतला, कप्तान झाला. क्लब दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये होता आणि वरच्या श्रेणीत जायची त्यांची एकदाच संधी आली. शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी चालणार होतं. अगदी संपता संपता समोरच्यानं हेडर मारला, आणि प्रोफेनं गोलच्या तोंडातून चेंडू बाहेर काढला. समोरचे ओरडायला लागले की चेंडू रेषेच्या आत गेला होता. पंचांना दिसलं नव्हतं. ते म्हातारे गृहस्थ याच्याजवळ आले आणि त्यांनी विचारलं, "कप्तान, आपण सांगा. आत गेला होता का?"

"गेला होता," प्रोफे म्हणाला.

"पण का?" आम्ही जवळजवळ सगळ्या एकदमच म्हणालो.

"त्यांनी इतक्या सभ्यपणे विचारलं," तो म्हणाला. "मैदानावर मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे ओरडायचे. आता एवढ्या चांगल्या माणसाशी खोटं कसं बोलणार?"

क्लब वर गेला नाही. गावानं त्याला मारलं-बिरलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. न्हावी त्याला ताटकळत ठेवायचा. वर्षभरानं त्याला इकडच्या एका लहान क्लबातून बोलावणं आलं आणि तो निघून आला. इथे काही हंगाम खेळला, मग एका सामन्यात गुडघा गेला. हे सगळं तो असं सांगायचा की जणू दुसऱ्या कुणाची तरी मजा सांगतोय.

आणि मग बेकरीवाला. आमच्यापासून अर्ध्या तासावर एका गावात कोलंबियन वस्ती आहे, तिथे एक बेकरी. तिचा मालक नेमका प्रोफेच्याच गावचा. त्या सामन्याच्या दिवशी तो वडिलांबरोबर स्टेडियममध्ये बसलेला होता. प्रोफे दर शनिवारी त्याच्याकडे चीज घातलेले गोल पाव घ्यायला जायचा, आणि तो बेकरीवाला त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. पाव पिशवीत घालायचा, पिशवी सरकवायचा, पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघायचा. वर्षानुवर्षं.

"मग तुम्ही दुसरीकडून का नाही घेत?" मी विचारलं.

"तो रागावलेला आहे," प्रोफे म्हणाला, "पण त्यानं मला कधी गार पाव दिलेला नाही. अशा माणसाची बेकरी सोडायची नसते."

गेल्या वसंतात प्रोफेनं सरावानंतर आम्हाला गोळा केलं आणि सांगितलं की गुडघा बदलायचा ठरलाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, नंतर चालता येईल, शिकवता येईल, खेळता यायचं नाही. मग तो चेंडू गोळा करायला गेला. आम्ही उभ्या राहिलो.

"पण याला निरोपाचा मॅच मिळालाच नाही नं?" वैशाली म्हणाली. "स्ट्रेचरवरून बाहेर गेला, तेच शेवटचं. वाटलं असन त्याला, येऊ परत."

"मग?"

"मग काय, आपण करू."

टीम आमची होतीच. समोर कोण, हा प्रश्न होता. त्या कोलंबियन वस्तीत पन्नाशीच्या पुढच्यांचा एक संघ दर रविवारी खेळायचा, एवढं आम्हाला माहीत होतं. चौकशी केली तर कळलं, संघ बेकरीवाल्याचा.  वैशाली म्हणाली, "जाऊन तर पाहू. नाही म्हणाला तर पाव घेऊन येऊ, कुठं काय."

बेकरीवाला उंच, हडकुळा, पांढऱ्या टोपीतला माणूस. आम्ही कोण, कशाला आलो ते सांगितलं. तो हातातला चिमटा तसाच धरून ऐकत राहिला.

"त्यानं काय केलं ते माहितीये तुम्हाला?"

"माहितीये," मी म्हणाले.

"माझे वडील त्या दिवशी घरापर्यंत चालत आले. बसमध्ये बसायलासुद्धा तयार नव्हते. वाटेत एक शब्द बोलले नाहीत." त्यानं चिमटा खाली ठेवला. "दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, आपला पोरगा असता तर मी त्याला बदडलं असतं, आणि मग मिठी मारली असती. मी फक्त पहिला भाग लक्षात ठेवला."

 त्यानं पाव पिशवीत भरले आणि विचारलं, "कुठल्या रविवारी?"

मग लगेच म्हणाला, "मी समोरून खेळणार. त्याच्या बाजूनं नाही."

तो रविवार लख्ख उजाडला. आमच्या मुली, नवरे, मंडळातले काका-काकू, आणि पलीकडून गाड्या भरभरून कोलंबियन माणसं, ढोल, मोठमोठे डबे. प्रोफेनं गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि दंडावर ईरानं आणलेली कप्तानाची पट्टी. तो आमच्या बचावाच्या मधोमध उभा राहिला, मी उजवीकडे, वैशाली डावीकडे. त्याच्या आईला गावाकडे फोनवर सामना दाखवायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. ऐंशीच्या पुढच्या त्या बाईनं मुलाचा एकही सामना कधी बघितला नव्हता. पाय मोडतील या भीतीनं ती सामन्याच्या वेळी चर्चमध्ये जाऊन बसायची आणि संपल्यावरच घरी यायची. या वेळी प्रोफेनं तिला शपथेवर सांगितलं होतं की समोर सगळे म्हातारेच आहेत.

बेकरीवाला त्यांचा फॉरवर्ड होता. सामना सुरू झाला आणि प्रोफे त्याच्याजवळ जाऊन बोलायला लागला. मला स्पॅनिश थोडंफार कळायला लागलं होतं. नवा ओव्हन कसा आहे? पीठ कुठून आणता हल्ली? त्या शनिवारी मीठ जरा कमी होतं का? बेकरीवाला ओठ मिटून पळत होता. हा लंगडत लंगडत मागे. मिठाचं त्यानं तिसऱ्यांदा काढलं तेव्हा बेकरीवाला जागच्या जागी थांबला आणि मैदानभर ऐकू जाईल असं ओरडला, "मीठ बरोबर होतं."

प्रोफेनं आमच्याकडे वळून दोन्ही हात पसरले. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू विश्वचषक मिळालाय. "बोलला," तो म्हणाला. "ऐकलंत ना? बोलला."

त्यानंतर ते दोघं थांबलेच नाहीत. चेंडू कुठेही असो, हे दोघं जुन्या शेजाऱ्यांसारखे बोलत होते, भांडत होते, हातवारे करत होते. मधेच बेकरीवाला माझ्या बाजूनं चेंडू घेऊन सुटला. मागून 'हालू, हालू' ऐकू आलं. मी पळाले नाही. मधे उभी राहिले, कडेची वाट मोकळी ठेवली, तो तिकडे वळला आणि तिथून त्यानं मारलेला चेंडू माझ्या पोटावर आदळून बाहेर गेला. माझा श्वास अडकला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी शाळेनंतर कधी इतकी खूश झाले नव्हते.

आम्ही हरलो, चांगले दणकून. बेकरीवाल्यानंही एक गोल केला, प्रोफेच्याच दोन पायांमधून. गोल झाल्यावर काय करावं ते त्याला कळेना. तो तसाच उभा राहिला. प्रोफे त्याच्यापाशी गेला, आणि त्या हडकुळ्या माणसानं आधी त्याच्या छातीवर एक जोरदार गुद्दा मारला आणि मग त्याला मिठी मारली. ती बराच वेळ सुटली नाही. पंच म्हणून आलेले काका घड्याळाकडे बघायला लागले, मग त्यांनीही सोडून दिलं आणि कॉफी घ्यायला गेले.

शिट्टी झाल्यावर दोन्ही संघांनी समोरासमोर रांगा केल्या आणि प्रोफे मधून चालत गेला. कुणी पाठीवर थाप मारत होतं, कुणी नुसतं टाळ्या वाजवत होतं. आमच्या मुली एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. रांगेच्या शेवटी माझा नवरा फोन धरून उभा होता. पडद्यावर शाल पांघरलेली एक छोटीशी म्हातारी होती. ती एकसारखी बोलत होती, भरभर, हात नाचवत. प्रोफे ऐकत होता आणि त्याच्या मिशा थरथरत होत्या. मला काही नीट कळेना, तेव्हा बेकरीवाला शेजारी येऊन आमच्यासाठी इंग्रजीत सांगायला लागला. हसू आवरत नसल्यामुळे त्याला मधेमधे थांबावं लागत होतं.

"ती म्हणतेय, इतकी वर्षं मी मेणबत्त्या लावल्या. गुडघे झिजवले. मला वाटायचं माझा मुलगा जिवावरचं काहीतरी काम करतो. आणि तुम्ही तर नुसते उभे राहता आणि लोकांशी गप्पा मारता."

"हो आई," प्रोफे म्हणाला.

"एवढंच करायचात तुम्ही? सगळी वर्षं?"

"हो आई. एवढंच."

 म्हातारीनं शाल सारखी केली. मग काहीतरी अगदी हळू म्हणाली, आणि बेकरीवाल्याचं हसू थांबलं.

"ती म्हणतेय," त्यानं सांगितलं, "मग आधी नाही का सांगायचं. मी आले असते बघायला."

प्रोफे गवतावर खाली बसला. त्यानं माझ्या नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, तो उलटा फिरवला आणि आईला सगळं दाखवायला लागला, ही रेषा, हा गोल, ही माझी जागा, आणि या, आई, या माझ्या डिफेंडर.